ओढ चारही चाकांना मिळते, पकड नाही

पावसाळ्यात मराठवाड्यातल्या नदी-नाल्यांवर एक दृश्य हमखास दिसतं. नळकांडी पुलावरून गढूळ पाणी वाहतंय. दोन्ही काठांवर माणसं खोळंबलीत. एसटी थांबलीय, दुचाकीवाले थांबलेत, बैलगाडीवालाही थांबलाय. तेवढ्यात मागून एक उंच, रुंद टायरांची गाडी येते. आत चार-पाच जण, एकाचा मोबाइल आधीच काचेबाहेर. काठावरचा म्हातारा म्हणतो, ‘थांबा, पाणी वाढतंय.’ आतून उत्तर येतं, ‘फोर बाय फोर आहे चाचा, निघते.’

कधी निघते, त्याचं रील होतं. कधी निघत नाही, त्याची बातमी होते.

माझं भांडण या ‘निघते’शी आहे. कारण ते म्हणणाऱ्या दहांपैकी नऊ जणांना आपल्या गाडीखाली काय फिरतं, कधी फिरतं आणि कधी फिरायचं थांबतं, याची कल्पना नसते. मागच्या दारावर ‘४×४’ ही अक्षरं आहेत, एवढंच त्यांना ठाऊक असतं. त्या अक्षरांच्या भरवशावर माणसं स्वतःचा आणि मागच्या सीटवरच्या पोराबाळांचा जीव पणाला लावतात.

गोष्ट साधी आहे. चार चाकांची ओढ म्हणजे इंजिनाचा जोर चारही चाकांपर्यंत पोहोचवायची सोय. त्यापलीकडे काही नाही. चाक जमिनीला किती धरून राहील, ते टायर, जमीन आणि चाकावरचं वजन ठरवतं. म्हणजे ओढ गाडीची आणि पकड जमिनीची. गाडी थांबवायला या ओढीचा काडीचा उपयोग नाही, कारण ब्रेक साध्या अल्टोलाही चारही चाकांना असतात. आणि वाहत्या पाण्यात ही ओढ गाडीला बुडीही देत नाही, तारतही नाही.

हा गैरसमज आपोआप पसरलेला नाही. तो विकला जातो. आणि ज्या शहरात अशा गाड्या प्रत्यक्ष जोडल्या जातात, त्या शहरातही तो तितकाच खपतो, हे मला जास्त खटकतं.

शेंद्र्यात जोडली, गल्लीत कळली नाही

छत्रपती संभाजीनगर, तेव्हाचं औरंगाबाद, हे गाड्यांचं शहर आहे. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ साली आला आणि त्याच्याभोवती सुटे भाग बनवणाऱ्यांची एक अख्खी वस्ती उभी राहिली. २००१ मध्ये शेंद्र्याला स्कोडाची ऑक्टाव्हिया जोडली जाऊ लागली. पुढे त्याच आवारात ऑडीच्या गाड्या आल्या. २०१० मध्ये स्कोडाची यती बाजारात आली, २०१७ मध्ये कोडियाक. दोन्हींत चार चाकांच्या ओढीची व्यवस्था होती. २०२४च्या जुलैमध्ये टोयोटा किर्लोस्करने इथे कारखाना काढण्यासाठी राज्य सरकारशी सामंजस्य करार केला. थोडक्यात, या विषयावर चार शब्द बोलण्याचा हक्क महाराष्ट्रात कुठल्या शहराला असेल, तर तो आपल्याला आहे.

आता शेंद्र्यातलंच एक उदाहरण घ्या. ऑडीच्या क्यू३ आणि क्यू७ या दोन्ही गाड्या इथे जोडल्या गेल्या. दोन्हींवर ‘क्वाट्रो’ ही एकच पाटी. जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात १९८० साली ऑडीने पुढे आणलेलं हे नाव. पण पाटीच्या खालचं यंत्र एक नाही. क्यू७ मध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये जोर वाटून देणारा मधला डिफरन्शियल आहे. तिथे चारही चाकांना कायम जोर मिळतो. क्यू३ चं इंजिन आडवं बसवलेलं. ती मुळात पुढच्या चाकांवर चालणारी गाडी. मागच्या चाकांकडे जोर जातो तो तेलात बुडालेल्या चकत्यांच्या क्लचमधून, संगणकाला गरज वाटेल तेव्हा. यती आणि कोडियाकचीही रीत हीच. यातली एक रीत चांगली आणि दुसरी वाईट, असं मी म्हणत नाही. दोन्हींची कामं वेगळी आहेत. पण एका छताखाली जोडलेल्या, एक नाव लावलेल्या दोन गाड्यांमध्ये एवढा फरक असेल, तर नाव वाचून भरवसा ठेवणाऱ्याने नेमका कशावर भरवसा ठेवलाय?

सगळं अडतं ते डिफरन्शियलपाशी

हा विषय समजून घ्यायचा तर डिफरन्शियलपासून सुरुवात करावी लागते. आपल्याकडे मिस्त्री लोक ‘हाउसिंग खोललंय’ म्हणतात, तेव्हा मागच्या ॲक्सलच्या पोटातला तो गोल डबा त्यांच्या मनात असतो.

गाडी वळते तेव्हा बाहेरच्या बाजूचं चाक आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापतं. दोन चाकांमध्ये दीड मीटर अंतर असेल, तर एका पूर्ण गोल फेऱ्यात बाहेरचं चाक सुमारे साडेनऊ मीटर जास्त चालतं. वर्तुळ लहान असो की मोठं, हा फरक तेवढाच राहतो. क्रांती चौकात तुम्ही काटकोनात वळलात, की त्याचा चौथा हिस्सा, म्हणजे जवळजवळ अडीच मीटरचा फरक पडतो. दोन्ही चाकं एकाच कांबीवर घट्ट बसवली, तर एकाला घसटत जावं लागेल. टायर झिजतील, कांब पिळली जाईल. म्हणून मध्ये दातेरी चाकांची अशी रचना करतात, की दोन्ही चाकांना जोर मिळावा, पण वेग वेगवेगळा ठेवता यावा. हा डिफरन्शियल. पक्क्या रस्त्यावर त्याच्यासारखा गुणी भाग गाडीत दुसरा नाही.

त्याचा हाच गुण चिखलात मुळावर येतो. साधा डिफरन्शियल तराजूसारखा असतो. दोन्ही पारड्यांत तो नेहमी सारखाच जोर टाकतो, आणि किती टाकायचा ते कमी पकड असलेलं चाक ठरवतं. समजा, चिखलातलं चाक ५० किलोचा जोर पेलतं आणि त्यानंतर घसरू लागतं. दुसरं चाक कोरड्या मुरुमावर आहे, ५०० किलोही पेलेल. पण त्याच्या वाट्याला येतात ५०च. एकूण झाले १००. तुम्ही ॲक्सिलरेटर दाबत राहता, चिखलातलं चाक गरगर फिरतं, अंगावर चिखल उडतो आणि मुरुमावरचं चाक जागचं हलत नाही.

आता याच गाडीला चार चाकांची ओढ द्या. पुढचा डिफरन्शियल साधा, मागचाही साधा. पुढचं डावं चाक खड्ड्यात लोंबकळतंय आणि मागचं उजवं चिखलात आहे. दोन्ही ॲक्सलवर एकेक कच्चं चाक, म्हणून दोन्ही ॲक्सल हताश. फिरतात ती दोन चाकं, उभी राहतात ती दोन. चाकं चार, ओढ चारही चाकांना आणि गाडी जागच्या जागी! ज्याने हे एकदा समजून घेतलं, त्याला दारावरची ती अक्षरं परत तेवढी मोठी दिसत नाहीत.

यावर उपाय आहे. डिफरन्शियल काही काळापुरता बांधून टाकायचा, म्हणजे डिफ लॉक. मग वरच्या उदाहरणात एका चाकाचे ५० आणि दुसऱ्याचे ५००, असा ५५० किलोंचा जोर जमिनीवर उतरू शकतो. पुण्याच्या फोर्स कंपनीच्या गुरखामध्ये पुढे-मागे दोन्ही ठिकाणी असे लॉक आहेत. २०२०च्या थारच्या काही प्रकारांत मागच्या ॲक्सलला आपोआप लागणारा यांत्रिक लॉक आहे. काही गाड्यांमध्ये लॉक नसतो. फिरत्या चाकाला संगणक ब्रेक लावतो आणि दुसऱ्या चाकाकडे जोर जायला भाग पाडतो. मात्र हे सगळं तुमच्या गाडीत आहे की नाही, ते ‘४×४’ या अक्षरांवरून कळत नाही.

एक नाव, तीन जाती

बाजारात ‘फोर बाय फोर’ म्हणून जे विकलं जातं, त्याच्या ढोबळ तीन जाती आहेत.

पहिली, गरजेपुरती. थार, जिम्नी, गुरखा, फॉर्च्युनरचं फोर बाय फोर रूप, हे सगळे या जातीचे. गाडी एरवी मागच्या चाकांवर चालते. ड्रायव्हरने लिव्हर ओढला किंवा बटण फिरवलं की ट्रान्सफर केस पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधते. मधे डिफरन्शियल नसतो. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा रस्ता कापतात, आणि हा फरक जिरवायला जागा नसते. चिखलात टायर थोडा घसरतो आणि फरक जिरून जातो. कोरड्या डांबरावर टायर घसरत नाही, मग शाफ्ट आणि गिअर पिळवटतात. जालना रोडवर कोरड्या उन्हात रुबाबासाठी फोर-हाय लावून फिरणारे आपल्याच गाडीची हाडं मोडत असतात. पुढे लिव्हर अडकला की मिस्त्रीच्या नावाने शिमगा करतात.

याच जातीत ‘लो’ नावाचा दुसरा गिअर असतो. तो चाकांवरचा जोर साधारण दोन ते अडीच पट वाढवतो आणि वेग तितकाच कमी करतो. खडकाळ चढावर किंवा तीव्र मातीच्या उतारावर गाडी मुंगीच्या पावलाने, ताब्यात ठेवून नेता यावी, यासाठी तो आहे. रीलमध्ये दिसतो तो सुसाट वेग आणि उडणारा चिखल हे या गिअरच्या नेमकं उलट काम आहे.

दुसरी जात कायमची. मधे डिफरन्शियल, चारही चाकांना सतत जोर. ती डांबरावरही सुखाने चालते. पण मधला डिफरन्शियल साधाच असेल आणि त्याला लॉक नसेल, तर चारांपैकी एक चाक घसरलं तरी सगळी गाडी हताश होऊ शकते. म्हणून तिथेही लॉक आहे का, हा प्रश्न उरतोच.

तिसरी जात मागणीनुसार. वर सांगितलेला क्लचवाला प्रकार. पावसाळी रस्त्यावर, घाटातल्या ओल्या वळणावर, शेताकडच्या निसरड्या वाटेवर ही छान काम करते. पण खोल चिखलात बराच वेळ चाकं घसरत राहिली, की क्लचच्या चकत्या तापतात आणि जळू नये म्हणून संगणक तो सोडून देतो. त्या क्षणी तुमची गाडी पुन्हा पुढच्या दोन चाकांची होते. त्या क्लचचं तेल वेळेवर बदलावं लागतं, हेही फार थोड्यांना माहीत असतं.

शहरातल्या एका शोरूममध्ये मी विचारलं होतं, ‘या गाडीत मधे डिफरन्शियल आहे की क्लच?’ विक्रेता पोरगा नम्र होता. म्हणाला, ‘सर, सगळं ऑटोमॅटिक आहे. आणि सनरूफ पण आहे.’ त्या पोराला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला सनरूफच शिकवलाय, कारण गिऱ्हाईक सनरूफच विचारतं. पण वीस लाखांची वस्तू विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने, दोघांनीही तिच्या पोटात काय आहे हे न विचारता व्यवहार करायचा, ही आपली रीत झालीय.

उंची कायद्यात बसते, ओढ बसत नाही

‘एसयूव्ही’ हा शब्द तर त्याहून पोकळ. डिसेंबर २०२२ मध्ये जीएसटी परिषदेने जादा कर लावण्यासाठी एसयूव्ही कशाला म्हणायचं, ते स्पष्ट केलं. इंजिन १५०० सीसीपेक्षा मोठं, लांबी ४००० मिलिमीटरपेक्षा जास्त, जमिनीपासून उंची १७० मिलिमीटर किंवा अधिक, आणि लोक तिला एसयूव्ही म्हणतात. या व्याख्येत किती चाकांना ओढ असावी, याचा उल्लेखच नव्हता. पुढे नियम बदलत गेले, पण मुद्दा राहतो. सरकारी हिशेबातही ही गाडी तिच्या आकाराने ओळखली गेली, तिच्या कामाने नव्हे.

बाजार त्याच वाटेने चाललाय. रस्त्यावर दिसणाऱ्या क्रेटा, कुशाक या पुढच्या दोन चाकांवर चालणाऱ्या गाड्या. त्यात गैर काही नाही, शहराला तेवढं पुरतं. थारची मागच्या दोन चाकांची आवृत्ती जानेवारी २०२३ मध्ये ९.९९ लाखांच्या सुरुवातीच्या किमतीला आली. फॉर्च्युनरही दोन चाकांच्या ओढीत मिळते. पुढाऱ्यांच्या ताफ्यातल्या सगळ्या पांढऱ्या फॉर्च्युनर फोर बाय फोर असतात, असं समजणाऱ्यांनी एकदा वाकून खाली पाहावं. पण ‘थार आहे’ एवढं म्हटलं की ऐकणारा ‘फोर बाय फोर आहे’ असं ऐकतो, आणि पुष्कळदा म्हणणाराही तसंच समजतो. नळकांडी पुलावरच्या त्या गाडीत बसलेल्यांनी तरी खात्री केलेली असते का?

काळी माती आणि गढूळ पाणी

आपल्या जमिनीचा स्वभावही कंपन्यांच्या जाहिरातीतला नाही. जाहिरातीत वाळवंट असतं, बर्फ असतो. इथे काळी कापसाची माती आहे. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसात फुगते आणि लोण्यासारखी होते. ती टायरच्या नक्षीत अशी भरते, की दोन फेऱ्यांत नक्षीच उरत नाही. हायवेचे टायर असलेल्या गाडीला मग चार गुळगुळीत चकत्या उरतात. दोन चाकं फिरत असती तर दोन खड्डे झाले असते, आता चार होतात. अशा मातीत टायरमधली हवा कमी करून त्याचा जमिनीला टेकणारा भाग वाढवणं, योग्य नक्षीचे टायर घालणं आणि मुख्य म्हणजे पाऊस उघडल्यावर अर्धा दिवस थांबणं, हे उपाय जास्त चालतात. हवा कमी केली तर डांबरावर येताच परत भरावी लागते. म्हणजे एक पंप आणि थोडा धीर, एवढाच खर्च.

कन्नडचा औट्रम घाट ओल्या रस्त्याने उतरताना चढणीला मदत करणारी ही ओढ ब्रेकच्या वेळी काही मदत करत नाही. उलट तोटा होतो. ओल्या रस्त्यावर वेग घेताना चाक घसरत नाही, म्हणून रस्ता किती निसरडा आहे हे ड्रायव्हरला कळतच नाही. ते कळतं ब्रेक दाबल्यावर, आणि तेव्हा हाताशी वेळ नसतो.

आणि पाणी. २०२०च्या थारबद्दल कंपनी ६५० मिलिमीटर पाण्यातून जाण्याची क्षमता सांगते. हा आकडा खोटा नाही. पण तो संथ पाण्याचा, सावकाश वेगाचा आणि तळ पक्का असल्याचा आकडा आहे. वाहत्या नदीचा नाही. हिशेब करून पाहा. गाडी चार मीटर लांब, १.८ मीटर रुंद, वजन पावणेदोन टन. गाडीच्या तळाच्या वर पाणी दर १० सेंटिमीटर चढलं, की ती सुमारे ७०० लिटर पाणी बाजूला सारते, म्हणजे तेवढे किलो वजन पाणी उचलून धरतं. हिशेब ढोबळ आहे; चाकांच्या खोबण्या वजा केल्या तर आकडा कमी होईल. तरी तळाच्या वर २५-३० सेंटिमीटर पाणी म्हणजे टायरवर फारसं वजनच उरत नाही. वजन गेलं की पकड गेली. पकड गेली की दोन चाकं फिरवा, चार फिरवा, लॉक लावा, नमाज पढा की नारळ फोडा, गाडी पाण्याची झालेली असते. त्यात पाण्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा धक्का चौपट होतो. अमेरिकेचं हवामान खातं आपल्या लोकांना सांगतं, की सुमारे ३० सेंटिमीटर वाहतं पाणी लहान गाडी वाहून नेऊ शकतं आणि ६० सेंटिमीटर पाणी बहुतेक गाड्या, एसयूव्हीसकट. आपल्याकडच्या पुलांना तर अनेक ठिकाणी कठडेही नसतात, आणि पाण्याखाली पुलाचा तुकडा शिल्लक आहे की वाहून गेलाय, हे कुणाला दिसत नाही.

वाचलेली गाडीही सुटत नाही. तापलेला डिफरन्शियल थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि श्वासनळीतून पाणी आत ओढलं जातं. तेल दुधाळ होतं. वेळीच बदललं नाही तर बेअरिंग आणि क्राऊन-पिनियन खराब होतात. इंजिनात पाणी गेलं तर कनेक्टिंग रॉडच वाकतो. रीलला मिळालेल्या लाइक्समधून हे बिल भागत नाही.

‘आता सगळं संगणकच करतो’

यावर एक उत्तर नेहमी येतं. नव्या गाड्या हुशार आहेत, चिखल, वाळू, खडक अशी बटणं आहेत, बटण दाबायचं आणि जायचं. माणसाला कळण्याची गरज काय?

ही गोष्ट अर्धी खरी आहे. संगणक फिरत्या चाकाला क्षणात ब्रेक लावतो, माणसाला ते जमणार नाही. पण त्यालाही माणसाची साथ लागते. बऱ्याच गाड्यांमध्ये ही यंत्रणा काम करावी म्हणून ॲक्सिलरेटर थोडा वेळ एकसारखा धरावा लागतो. आपले लोक चाक फिरायला लागलं की घाबरून पाय काढतात किंवा चिडून पूर्ण दाबतात. दोन्हीत यंत्रणा फसते. वाळूत तर ती बंद करावी लागू शकते, नाहीतर ती इंजिनाचाच गळा आवळते. आणि बटणावर ‘चिखल’ लिहिलं म्हणून संगणकाला पुढच्या वळणावरचा खड्डा दिसत नाही. पाण्याची खोली, तळाचा भरवसा, मागे फिरायची वेळ, हे निर्णय अजून ड्रायव्हरचेच आहेत.

ज्यांना कळतं, त्यांना कुणी विचारत नाही

डिफ लॉक म्हणजे काय, हे मराठवाड्यात कुणाला कळत नाही, असं मात्र मुळीच नाही. पैठण तालुक्यातल्या उसाच्या फडात ट्रॅक्टर घालणाऱ्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा. त्याच्या टाचेजवळ एक पेडल असतं. एक चाक चिखलात गरगरलं की तो ते दाबतो, दोन्ही चाकं बांधली जातात, ट्रॅक्टर निघतो, की लगेच पाय काढतो. वळताना ते दाबायचं नाही, हेही त्याला ठाऊक असतं. वीस लाखांच्या गाडीचा मालक ज्याच्याविषयी अंधारात आहे, ते त्याने शाळेत न जाता आत्मसात केलंय. काळी-पिवळी जीपवालेही तसेच. वर्षानुवर्षं त्यांनी बव्हंशी दोन चाकांच्याच ओढीवर, क्षमतेपेक्षा जास्त माणसं भरून, पाणंद रस्त्यांवरून गाड्या काढल्या. जास्त माणसं भरणं चूकच होतं. पण कुठे थांबायचं, कुठली वाट धरायची, हे शहाणपण त्यांच्याकडे होतं.

तसेच आपले गॅरेजवाले. जिन्सी, रोशन गेट, किराडपुरा या भागांत अनेक घरांची चूल गॅरेजवर पेटते. बारा-तेराव्या वर्षी पाना हातात घेतलेली पोरं पंचविशीत उस्ताद होतात. तेलाच्या रंगावरून आणि आवाजावरून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगतात. पण कागद नाही म्हणून कंपनीच्या दारात त्यांना उभं करत नाहीत, आणि इंग्रजी येत नाही म्हणून नव्या क्लचचं, नव्या संगणकाचं पुस्तक त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. जुनी जीप डोळे मिटून खोलणारा उस्ताद नव्या गाडीपुढे परका होतोय. हे त्याचं अपयश नाही, ज्ञान त्याच्या भाषेत न आणणाऱ्यांचं आहे. त्यात आपणही आलो. पोराला पाना देऊन मोकळे होणारे आणि शाळेचं दप्तर काढून घेणारे आपणच आहोत. हुनर आणि शिक्षण यांपैकी एकच मिळेल, असं त्याला आपण सांगून टाकलंय.

या देशातल्या जीपचा इतिहास तरी आठवा. २ ऑक्टोबर १९४५ रोजी लुधियानात सुरू झालेल्या कंपनीचं नाव होतं ‘महिंद्रा अँड मोहम्मद’. के. सी. आणि जे. सी. महिंद्रा या भावांबरोबर मलिक गुलाम मोहम्मद भागीदार होते. फाळणी झाली, ते पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीचं नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झालं. आद्याक्षरं तीच राहिली. याच कंपनीने मुंबईत माझगावला विलीजच्या जीप जोडायला सुरुवात केली. आज नाशिकमध्ये बनणारी थार त्याच वंशातली. भागीदार गेला, पण या देशातल्या जीपच्या चाकाखाली राबणारे हात इथेच राहिले. त्या हातांना आज आपण ‘पंक्चरवाला’ म्हणून हिणवू देतो, आणि त्याच हातांनी बनवलेल्या, दुरुस्त केलेल्या गाडीत बसून मर्दानगी दाखवतो.

मग काय करायचं?

गाड्या घेऊ नका, असं मी म्हणत नाही. पाणंद रस्त्यावरच्या वस्तीत जाणारा डॉक्टर, वादळात तारा जोडणारा वायरमन, रुग्णवाहिका, वनरक्षक यांना खरी चार चाकांची ओढ हवी आहे, आणि ती त्यांच्याआधी मॉलच्या पार्किंगला मिळतेय. जायकवाडीच्या फुगवट्याकाठच्या गाळपेर जमिनीवर रीलसाठी गाडी घालणाऱ्यांना तर एवढंच सांगायचंय, की ते मैदान नाही, कुणाचं तरी पीक आहे.

मागणी तीन गोष्टींची आहे. एक, गाडीच्या किमतीच्या पाटीवर मराठीत स्पष्ट लिहावं: ओढ किती चाकांना, कायमची की गरजेपुरती, मधे डिफरन्शियल की क्लच, लॉक आहे की नाही, ‘लो’ गिअर आहे की नाही. मायलेज लिहिता येतं, तर हेही लिहिता येईल. दोन, आपल्या शहरात आयटीआय आहे, शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, इंडो-जर्मन टूल रूम आहे आणि शेंद्रा-वाळूजचे कारखाने आहेत. त्यांनी रविवारी गॅरेजवाल्या पोरांसाठी मराठी-उर्दूत वर्ग घ्यावेत आणि अनुभवातून आलेल्या कौशल्याला प्रमाणपत्र द्यावं. केंद्राच्या कौशल्य योजनेत तशी तरतूद आहे. ती गल्लीपर्यंत आणायचं काम आपल्या संस्थांचं, जमातींचं आणि नगरसेवकांचं. तीन, ड्रायव्हिंग स्कूलमध्ये वाहत्या पाण्याचा धडा असावा. तो एका वाक्याचा आहे: पुलावरून पाणी वाहत असेल तर थांबा.

आणि गाडी घेणाऱ्याने शोरूममध्ये सनरूफ उघडून बघण्याआधी एकदा गाडीखाली वाकून बघावं. शक्य असेल तर सोबत आपल्या गल्लीतला उस्ताद न्यावा. तो टायकोट घालून येणार नाही, पण मागच्या ॲक्सलला लॉक आहे की नाही, हे दहा सेकंदांत सांगेल. त्याचा सल्ला फुकट घेऊ नका, त्याचे पैसे द्या.